बिनआवाजाचा पॉवर सप्लाय

लहानपणीच्या एका तापानंतर माझा डावा कान कायमचा गेला. उजव्या कानात मशीन घालते. मशीन असलं की समोरच्याचं बोलणं मला नीट कळतं, फक्त आजूबाजूला गोंगाट असला तर त्यानं माझ्याकडे तोंड करून बोललं पाहिजे. एवढी अडचण सोडली तर मोहाडीच्या बाहेरच्या त्या राईस मिलच्या ऑफिसात माझं उत्तम चाललं होतं. मी काउंटरवर बसायची. धान घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची कॉम्प्युटरवर नोंद करायची, वजनकाट्याची पावती काढून द्यायची, कोणाचं काय अडलं असेल तर मालकांपर्यंत पोचवायची. मालकांना सगळे शेठजी म्हणत. साठी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मिलच्या आवारातच त्यांचं घर होतं.

गावोगावी फिरून धान ठरवून आणायचं काम आमच्या खरेदीवाल्या भाऊंकडे होतं. ते मूळचे पवनी तालुक्यातल्या आसगावचे. मोहाडीत खोली करून राहायचे. ते शेतकऱ्याला माझ्यासमोर उभं करायचे आणि आधीच सांगायचे, "ताईकडे पाहून बोला, घाई नोका करू." कोणी माझ्यावर वैतागलं तर स्वतः दोघांच्या मध्ये उभे राहून त्याचं बोलणं सावकाश पुन्हा सांगायचे. त्यात उपकाराचा आव नसायचा. त्यांची ती पद्धतच होती.

मग शेठजींचा भाचा नागपूरहून मॅनेजर म्हणून आला. त्याला आम्ही साहेब म्हणायचं असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात त्याला एक खेळ सापडला. मी काम करत असले की तो माझ्या मागे येऊन उभा राहायचा, हळूच काहीतरी बोलायचा, आणि मी वळले नाही की दारातल्या हमालांकडे पाहून हसायचा. तो काय बोलायचा ते मला कधीच कळलं नाही. हमालांच्या चेहऱ्यावरून मात्र कळायचं. काही हसायचे, काही मान खाली घालायचे. मान खाली घालणाऱ्यांवरून मी अंदाज करायची की आज काहीतरी जास्तच घाण बोलला असेल.

एक दिवस भाऊंनी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, जे बोलाचं ते समोर येऊन बोला ना. मागून कायले बोलता?"

साहेब हसला. त्यानं आम्हा दोघांनाही लक्षात ठेवलं.

माझी पाळी आधी आली. ऑफिसच्या मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिथे मिलचा सर्व्हर ठेवला होता. काट्याचा हिशेब, कॅमेरे, सगळ्यांचे कॉम्प्युटर त्या एका उभ्या काळ्या डब्यावर चालायचे. साहेबानं माझं टेबल उचलून तिथे नेलं. कारण सांगितलं की शेतकऱ्यांना मला दोनदोनदा सांगावं लागतं आणि गर्दी होते. मी म्हटलं, "तिथे खूप आवाज असतो."

"मंग तं तुमच्यासाठी तेच जागा बरी आहे," तो म्हणाला. "तुमाले कुठं ऐकू येते?"

ज्याला मशीन लावावं लागत नाही त्याला हे समजावणं कठीण आहे. मशीन माणसाचा आवाज वाढवतं तसा पंख्याचाही वाढवतं. त्या सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये एक लहान पंखा होता, स्वस्तातला, जो कायम पूर्ण वेगानं फिरायचा. त्यात तांदळाचा कोंडा शिरून तो एका बाजूला घासायला लागला होता. साध्या कानाला तो घरघर आणि शिट्टी यांच्या मधला काहीतरी आवाज वाटत असेल. माझ्या कानात मात्र कोणी पत्र्यावर खिळा ओढत बसलंय असं वाटायचं, आणि ते थांबायचं नाही. दोन तासांत डोकं फुटायला यायचं. शेवटी मी मशीन काढून ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. मशीन काढलं की मी खरंच बहिरी. कोणी दारातून हाक मारली तर कळायचं नाही. मग साहेब शेठजींना सांगायचा, "पाहा मामा, दहा हाका मारल्या तरी बाई उत्तर देत नाही."

घरी आल्यावरही तो पंखा कानात फिरत राहायचा. भाकरी थापताना, मुलीच्या शाळेचं ऐकताना. मुलगी सांगत असायची आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत असायची, पण शब्द त्या घरघरीत बुडून जायचे. तेव्हापासून मी त्या माणसाचा मनापासून द्वेष करायला लागले. हे मी मुद्दाम स्वच्छ लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं ते न्यायासाठी केलं असं कोणाला वाटू नये. न्याय त्यात आपसूक बसला.

दिवाळीनंतर धानाचा हंगाम सुरू झाला आणि आमच्या गाड्या रिकाम्या यायला लागल्या. शेठजी सकाळी किंवा दुपारी ठरवायचे की उद्या गाडी कोणत्या गावाला पाठवायची. दुसऱ्या दिवशी गाडी तिथे पोचायची तर दुसऱ्या एका मिलवाल्याची माणसं पहाटेच धान उचलून गेलेली असायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग होतच राहिलं. गाडी कुठे जाणार हे शेठजींना, साहेबाला आणि भाऊंना माहीत असायचं.

साहेबानं भाऊंवर बोट ठेवलं. आवारात, काट्याजवळ, हमाल आणि शेतकरी उभे असताना त्यानं भाऊंचा मोबाइल मागून घेतला आणि कोणाकोणाला फोन केले ते मोठ्यानं वाचायला लागला. त्यात भाऊंच्या बायकोचे फोन होते, व्याह्याचे होते, शेतकऱ्यांचे तर असणारच. मग त्यानं त्यांची थैली काट्यावर उपडी केली. डबा, टॉवेल, धान तपासायची लोखंडी सळई. सापडलं काहीच नाही. तरी तो म्हणाला, "सापडलं नाही म्हंजे हुशार चोर आहे."

मी खिडकीतून पाहत होते; काय बोलणं झालं ते हमालांनी नंतर सांगितलं. भाऊंनी वाकून आपला डबा उचलला, टॉवेलची घडी केली आणि थैलीत ठेवली. शेठजी घराच्या ओट्यावर उभे होते, ते काही बोलले नाहीत. भाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फाटकातून निघून गेले. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करून ते आसगावला गेले असं कळलं. तरी पुढेही गाड्या अधूनमधून रिकाम्या येत राहिल्या, तेव्हा साहेब म्हणायचा की तो अजून गावागावांतल्या ओळखीतून बातम्या काढून पुरवतो.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी लाइट गेली. जेवणाची सुट्टी होती, मिल बंद होती, लोक बाहेर झाडाखाली डबे खात होते. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली होती. थोडा वेळ चालून तीही बंद पडली आणि सर्व्हरचा पंखा थांबला. टेबलाला हात लावला तर थरथर नव्हती, म्हणून मला कळलं. मी ड्रॉवरमधून मशीन काढून कानात घातलं. इतके महिने त्या खोलीत बसून मला तिची शांतता माहीत नव्हती.

आणि त्या शांततेत साहेबाचा आवाज आला.

त्याचं केबिन माझ्या खोलीला लागूनच होतं. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत, वर हातभर मोकळी जागा. तो फोनवर बोलत होता आणि एकेक शब्द माझ्या टेबलावर येऊन पडत होता. "उद्या आमची गाडी वरठीच्या अंगाला नाही, तुमसरकडं जाऊन राहिली... हाव, सकाळीच पोचा... तो म्हातारा? त्याले तं पटलं ना की खरेदीवालाच चोर होता." मग हसला. "नाही हो, कोणी नाही ऐकत. बाजूले बहिरी बसते आमची. मुद्दाम बसवली."

लाइट आली. पंखा कोकलायला लागला आणि त्याचा आवाज त्यात बुडाला.

आता मला उमगलं. माझ्या टेबलाची जागा बदलण्यामागे शेतकऱ्यांची गर्दी नव्हती, ती आधीची चिडसुद्धा नव्हती. त्याला शेजारी असं माणूस हवं होतं जे काही ऐकणार नाही, आणि दारातून कोणी डोकावलं तरी पंख्याच्या आवाजात त्यालाही काही कळणार नाही. त्यानं मला भिंतीसारखं वापरलं होतं.

शेठजींना जाऊन सांगावं असं पहिल्यांदा वाटलं. पण काय सांगणार? शेठजी, तुमचा भाचा चोर आहे, मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्या कानांनी! साहेब तिथेच हसून मोकळा झाला असता. मग दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाहिलं. प्लायवूडला फोन टेकवून ठेवला. घरी मुलीला ऐकायला दिलं तर ती म्हणाली, "आई, यात नुसता पंखा आहे." दुपारी सर्व्हर बंद करावा तर काटा थांबतो, कॅमेरे बंद पडतात, आणि साहेब पहिल्यांदा माझ्याच खोलीत धावत येतो.

म्हणजे सर्व्हर चालू पाहिजे आणि आवाज नको. शेठजी त्या खोलीत बसलेले पाहिजेत आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजे. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार राहिला नाही.

संधी त्या पॉवर सप्लायनंच दिली. कोंड्यानं भरून तो तापायला लागला होता, आणि हंगामाच्या ऐन गर्दीत सर्व्हर आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागला. भंडाऱ्याहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाले आले, उघडून पाहिलं आणि म्हणाले, "पॉवर सप्लाय गेल्यात जमा आहे." साहेब म्हणाला, असाच दुसरा टाका. मी शेठजींच्या घरी गेले. शेठजींना समोर बसवून बोलले.

"शेठजी, नवीन पॉवर सप्लाय मी निवडू का? त्या पंख्यानं माझा राहिलेला कानही चालला."

शेठजी माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "इतका त्रास होऊन राहिला तं आधी काहून नाही सांगतलं?"

"साहेबांना सांगितलं होतं."

त्यांनी संध्याकाळी साहेबाला सांगून टाकलं की बाई भंडाऱ्याला जाऊन पसंत करतील. साहेब मला म्हणाला, "झाले तुमचे लाड सुरू." मी मान हलवली. त्या दिवसांत मी त्याच्यापुढे फार नम्र झाले होते.

भंडाऱ्याचे ते दुरुस्तीवाले सावकाश बोलणारे, माझ्याच वयाचे. त्यांना मी म्हटलं, "मला असा पॉवर सप्लाय द्या की खोलीत सर्व्हर आहे हेच कळू नये."

ते हसले. "मॅडम, सर्व्हरवाले लोक ताकद विचारतात, गॅरंटी विचारतात. आवाज कोणी विचारत नाही."

"मी विचारते आहे."

मग त्यांनी मनावर घेतलं. माझ्याकडे तोंड करून, कागदावर आकृत्या काढून सांगितलं. पंखा जितका लहान तितका त्याला जोरात पळावं लागतं, म्हणून मोठ्या तोंडाचा पंखा असलेला घ्यायचा. तो हळू फिरला तरी भरपूर हवा देतो. पंख्याची बेअरिंग चांगली पाहिजे, नाहीतर वर्षभरात घासायला लागतो. आमचा सर्व्हर वीज खातो थोडी, तर सप्लाय त्याच्या गरजेपेक्षा बऱ्याच जास्त ताकदीचा घ्यायचा. पावभर कामात तो तापत नाही, आणि तापलाच नाही तर पंख्याला कामच राहत नाही. वीज वाया घालवणारा सप्लाय गरम होतो, म्हणून कमीत कमी वाया घालवणारा घ्यायचा. काहींच्या मागे एक बटण असतं, ते दाबलं की आतलं गरम होईपर्यंत पंखा फिरतच नाही.

"उन्हाळ्यात फिरेल," ते म्हणाले. "मे महिन्यात आपल्याकडे काहीच थंड राहत नाही. पण आता थंडी आहे."

"मला आताच पाहिजे," मी म्हटलं.

त्यांच्याकडे तसे दोन होते. खोक्यांवर आवाजाचे आकडे छापलेले होते, पण ते म्हणाले की ते कंपनीच्या बंद खोलीत मोजलेले असतात. मी म्हटलं, चालू करून दाखवा. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, छताचा पंखा बंद केला, आणि काउंटरवरच्या एका कॉम्प्युटरला पहिला सप्लाय जोडला. मी मशीनचा आवाज पूर्ण वाढवला आणि कान डब्याजवळ नेला. पंखा थांबलेला होता. पण आतून एक बारीक शिट्टी येत होती, डास कानापाशी यावा तशी.

"हा नको. शिट्टी वाजते."

त्यांनी कान लावला. "मले नाही येत हो."

"मला येते."

त्यांनी पुन्हा कान लावला, आतल्या कॉइलमुळे असं होतं खरं म्हणाले, आणि दुसरा जोडला. मी वाकले. काही नाही. मशीनची स्वतःची हलकी सळसळ तेवढी होती. मी डब्यावर कपाळ टेकवलं तरी काही नाही. त्या काउंटरवर वाकलेली असताना मला साहेबाचा चेहरा दिसत होता. आयुष्यात कधी साडी निवडताना मला इतका आनंद झाला नव्हता.

तोच बसवला. मागचा खडखडणारा कॅबिनेटचा पंखाही बदलून घेतला, स्क्रूखाली रबराच्या चकत्या टाकून घेतल्या. सर्व्हर चालू केला तर समोरचा हिरवा दिवा लागला, एवढंच. साहेब दारात येऊन म्हणाला, "बंद आहे का?" मी मशीन काढलेलं होतं, त्याच्या ओठांवरून कळलं. हातानं हिरवा दिवा दाखवला. तो खांदे उडवून गेला. खोली शांत झालेली पाहून त्यानं फोनवर सावध व्हायला हवं होतं, पण त्या खोलीत त्याच्या हिशेबानं माणूसच नव्हतं.

दोन दिवस गेले आणि लाइट गेली. यूपीएस चालू होताच सर्व्हर धाडकन बंद पडला. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली होती. साहेब आवारभर ओरडत आला, "हे पाहा यांची पसंती! उद्याच काढून फेकतो अन् जुन्यासारखा लावतो."

भंडाऱ्याला फोन करता येत नव्हता, फोनवर मला नीट कळत नाही. मेसेज केला. ते मोटरसायकलवर स्वतः आले. सांगितलं की दोष सप्लायचा नाही, यूपीएसचा आहे. त्या जुन्या यूपीएसची वीज ओबडधोबड लाटांची असते, जुना सप्लाय ती पचवायचा, चांगल्या सप्लायला ती चालत नाही. त्याला गुळगुळीत लाटेचा यूपीएस लागतो. साहेब म्हणाला, म्हणजे आणखी खर्च. शेठजी मागेच उभे होते. म्हणाले, "तशीही त्याची बॅटरी मेलीच आहे. बदला." त्या एका वाक्यानं मी वाचले. त्या रात्री मला झोप लागली.

आता शेठजींना खोलीत आणायचं होतं. मी त्यांना म्हटलं की आलेल्या धानाचा गावनिहाय तक्ता मी तयार केला आहे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत निवांत दाखवते. त्यांना उत्सुकता होतीच. ते घराकडून मागच्या दारानं आले, केबिनवरून जायची गरजच पडली नाही. मी चहा ठेवला. तक्ता उघडला. पलीकडे साहेबाचा फोन लागला.

तो नागपूरच्या घराच्या बाथरूमच्या टाइल्सबद्दल बोलत होता. निळ्या की पांढऱ्या. चहा संपेपर्यंत तेच.

शेठजी प्लायवूडकडे पाहून हसले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इथून तं सगळं ऐकू येते की."

मी म्हटलं, "हो का? मला नाही कळत शेठजी."

ते गेले आणि मी दिवसभर घाबरलेली. त्यांनी सहज भाच्याला सांगितलं की तुझ्या टाइल्स ऐकल्या, तर संपलंच. पण शेठजींचा मितभाषी स्वभाव माझ्या कामी आला. साहेबाचं वागणं बदललं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शेठजींनी ठरवलं की उद्या गाडी सिहोऱ्याकडे पाठवायची, तिकडे चांगलं धान आहे. मी तिथेच कागद घेऊन उभी होते, त्यांच्या तोंडाकडे पाहत. दुपारची वाट पाहणं कठीण गेलं. मिल थांबली. हमाल झाडाखाली गेले. मी शेठजींना बोलवायला गेले. तक्त्यात एक चूक सापडली आहे, लगेच पाहा म्हटलं. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला. साहेबानं केबिनचं दार लोटलं त्याची थरथर माझ्या टेबलाला जाणवली.

"हाव, बोला. उद्या सिहोरा," तो म्हणाला. "तिकडच्या दोनतीन गावांत जाऊन राहिली गाडी. तुम्ही आजच माणूस पाठवून द्या... माझं तेवढं पाहून घ्याल ना? ... मामाचं काय, चष्मा लावून कागद पाहत बसते. त्याले वाटते मिल तोच चालवते."

शेठजींनी चष्मा काढला. तो हातात तसाच धरून बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. ओठ कोरडे झाले होते आणि ते पुन्हापुन्हा ओठांवरून जीभ फिरवत होते. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "त्या खरेदीवाल्याचं नाव कामी आलं बाप्पा. बिचारा थैली भरत होता तवा मलेच हसू येऊन राहिलं होतं."

शेठजी माझ्याकडे वळले. अगदी हळू, पण ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "हे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही मानलं असतं?"

ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि केबिनकडे गेले. मी मशीनचा आवाज पूर्ण वाढवला आणि खुर्ची प्लायवूडला लावली. त्यातला एकही शब्द मला सोडायचा नव्हता.

दार उघडल्याचा आवाज. साहेबाचं, "अरे मामा, या ना." शेठजींचं, "फोन ठेवू नको. त्याले सांग, मामा इथंच उभा आहे, गाडी सिहोऱ्यालेच जाईल." मग साहेबाचं बोलणं, तुटक, आधी हसत, मग चढ्या आवाजात, मग आईचं नाव काढून, मग रडका. मामा, तुमचा गैरसमज होऊन राहिला. मामा, कोनं सांगतलं? मामा, एकडाव माफ करा. शेठजी एवढंच म्हणाले, "मी स्वतः ऐकलं. बाजूच्या खोलीत बसून."

त्यावर जी शांतता पडली ती माझ्यासाठी होती. त्याला कळलं होतं. पंखा का गेला, डबा का बदलला, मी भंडाऱ्याला का गेले, सगळं त्याला त्या क्षणी कळलं. मी डोळे मिटून ती शांतता ऐकली.

पण शेठजी शेवटी मामाच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगण्यात आलं की साहेबांची तब्येत ठीक नाही, ते नागपूरला जात आहेत. बहिणीच्या घरची अब्रू होती. मला हे अजिबात पटलं नाही. भाऊंची थैली भर आवारात उपडी झाली आणि याला दुखणं मिळालं? मग मीच सांगत सुटले. हमालांना सांगितलं, काट्यावरच्या माणसाला सांगितलं. माझं टेबल पुन्हा काउंटरवर आलं होतं, तर तिथे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पावती देताना सांगितलं. आठवडी बाजाराच्या दिवशी वांगी घेता घेता सांगितलं. शेठजींच्या कानावर गेलं असणार. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही.

साहेब सामान न्यायला आला तेव्हा मोहाडीत त्याच्याकडे पाहून बोलणं थांबवणारी माणसं झाली होती. तो माझ्या काउंटरसमोर आला. तोंड सुजल्यासारखं झालं होतं. म्हणाला, "काय मिळालं तुमाले?"

मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "परत बोला," म्हटलं. "जरा मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

रांगेत शेतकरी उभे होते, हमाल दारात होते. कोणी हसलं नाही, पण कोणी नजरही हटवली नाही. तो बॅग उचलून गाडीत बसला. गाडी फाटकातून बाहेर जाईपर्यंत मी पाहत होते. लोक म्हणतात असं केल्यावर मन रिकामं होतं, पश्चात्ताप होतो. मी वाट पाहिली. घरी जाऊन त्या दिवशी मी गोड केलं.

शेठजी स्वतः आसगावला जाऊन भाऊंना परत बोलवून आले असं मला नंतर कळलं. भाऊ आले नाहीत. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी भंडारा, पवनी अशी एसटी बदलत आसगावला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. भाऊ अंगणात धानाची पोती शिवत होते. मला पाहून दाभण बाजूला ठेवलं, खाट टाकली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"शेठजी येऊन गेले," ते म्हणाले. "माफी मागतली. मी म्हटलं, तुमचा राग नाही, पण त्या फाटकातून आता आत पाय टाकवत नाही. इथं भावासंगं शेती पाहतो. बरं आहे." मग थोडं पुढे वाकले. "पण ते म्हणे तुमच्या खोलीत बसून ऐकलं. नीट नाही सांगतलं त्यायनं. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. लाइट गेली तिथपासून. भंडाऱ्याचं दुकान, बारीक शिट्टी, अर्धं शटर, टाइल्स. टाइल्सपाशी ते खो खो हसले. मग सिहोऱ्याचा फोन सांगितला. थैलीबद्दल तो काय बोलला ते मी गाळणार होते, पण गाळलं नाही. त्यांनी दाभण उचलून पोत्यात खुपसलं.

"अन् मंग? मामा आत गेला तवा?"

मी सगळं सांगितलं. कसा हसला, कसा ओरडला, आईचं नाव कसं काढलं.

"रडला?"

"रडला."

"खरंच ऐकलं तुम्ही?"

"प्लायवूडला कान लावून ऐकलं भाऊ."

त्यांनी मांडीवर हात मारला. उठून आतल्या दाराशी गेले आणि बायकोला हाक मारली. त्या ओल्या हातानं पदर सावरत बाहेर आल्या. भाऊंनी त्यांना खाटेवर माझ्याजवळ बसवलं, स्वतः खाली पोत्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, हिले पण सांगा. पहिल्यापासून. घाई नोका करू."